फातोर्ड्याची शेवटची पाच मिनिटं

आमखास मैदानावर संध्याकाळी पोरांची मॅच रंगात आली, की टचलाइनवरच्या बघ्यांमध्ये आपोआप दोन पक्ष पडतात. आपली टीम एका गोलने पुढे असते आणि पाचेक मिनिटं उरलेली असतात. एक पक्ष ओरडत असतो, "अरे बाहर मार ना! टाइम खा, टाइम!" दुसरा पक्ष बहुधा जरा वयस्कर, कधीकाळी स्वतः खेळलेला. तो कळवळून सांगतो, "पीछे मत आओ रे, आगे खेलो!" कोच दोघांकडे पाठ करून उभा असतो. शिट्टी होईपर्यंत त्याचं काही खरं नसतं. टीम जिंकली तर पोरं भारी खेळली आणि हरली तर कोचला अक्कल नाही, हा निकाल ठरलेलाच.

छत्रपती संभाजीनगरातला हा वाद मोठ्या मैदानावर, मोठ्या पैशाच्या आणि मोठ्या पगाराच्या माणसांमध्ये कसा दिसतो, हे २४ एप्रिल २०२४ च्या रात्री दिसलं. बुधवार होता. लोकसभेच्या प्रचाराने शहर दणाणत होतं. इथलं मतदान १३ मेला व्हायचं होतं. तिकडे मडगावात, फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना चालू होता. एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी एफसी. सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंगने आणि छप्पन्नाव्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसने गोल केला. गोवा २-०. नव्वदावं मिनिट लागलं तरी फलक तोच होता.

मुंबईचा संघ नऊच दिवसांपूर्वी कोलकात्यात मोहन बागानकडून हरून लीग शील्ड गमावून आलेला. अशा संघाने त्या रात्री पुढच्या पाच-सहा मिनिटांत तीन गोल केले. नव्वदाव्या मिनिटाला लालियानझुआला छांगते, एक्क्याण्णवाव्याला विक्रम प्रताप सिंग आणि शहाण्णवाव्याला पुन्हा छांगते. २-३. ज्यांनी गर्दी टाळायची म्हणून शेवटची दोन मिनिटं सोडून पार्किंग गाठलं असेल, त्यांना घरी गेल्यावर कुणी खरं सांगितलं तरी पटलं नसेल.

मग सुरू झाली उलटतपासणी. गोव्याचे स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी २-० वर संघाला मागे का येऊ दिलं? बदल्या वेळेवर केल्या का? पहिला गोल बसल्यावर कुणी खाली पडून, बुटाची नाडी बांधून, पंचांशी हुज्जत घालून दोन मिनिटं का मारली नाहीत? सगळे प्रश्न रास्त. फक्त, ते विचारले गेले शहाण्णवाव्या मिनिटानंतर. पंच्याऐंशीव्या मिनिटाला त्यांतला एकही प्रश्न कुणाच्या तोंडात नव्हता.

गोव्याच्या जुन्या प्रेक्षकांसाठी तर हे दुःख दुसऱ्यांदा वाट्याला आलेलं. २० डिसेंबर २०१५ ला याच मैदानावर लीगची अंतिम लढत होती, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन. गोव्याच्या डगआउटमध्ये साक्षात झिको, ब्राझीलचा. समोर इटलीचा मार्को मातेराझ्झी. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर गोवा २-१ पुढे गेला आणि करंडक मडगावातच राहणार असं वाटायला लागलं. नव्वदाव्या मिनिटाला गोव्याचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्याकडून स्वयंगोल झाला आणि ब्याण्णवाव्याला मेंडोझाने तिसरा मारला. २-३. तेच मैदान, तोच फलक, तीच मिनिटं. कट्टीमणीचं नाव त्या रात्री सगळ्या गोव्याने ज्या सुरात घेतलं असेल, तो सूर इथे छापायची गरज नाही.

पण हा कट्टीमणी लक्षात ठेवायला हवा, कारण गोष्ट पुढे वळते.

२० मार्च २०२२. पुन्हा फातोर्डा, पुन्हा अंतिम सामना. या वेळी हैदराबाद एफसी आणि केरळ ब्लास्टर्स. हैदराबादचे प्रशिक्षक होते हेच मानोलो मार्केझ आणि गोलरक्षक होता हाच लक्ष्मीकांत कट्टीमणी. अडुसष्टाव्या मिनिटाला केरळने गोल केला आणि हैदराबाद मागे पडलं. बदली म्हणून उतरलेल्या साहिल ताव्होराने, तोही गोव्याचाच, अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला हवेतला चेंडू थेट जाळ्यात मारला. १-१. जादा वेळेत काही झालं नाही. पेनल्टी शूटआऊटमध्ये कट्टीमणीने एक नाही, दोन नाही, तीन फटके अडवले. हैदराबाद ३-१ ने चॅम्पियन.

त्या रात्री मार्केझ यांची बदली 'मास्टरस्ट्रोक' ठरली. दोन वर्षांनी त्याच गवतावर त्याच माणसाला 'शेवटची पाच मिनिटं सांभाळता येत नाहीत' असं ऐकावं लागलं. मधल्या काळात त्यांची बुद्धी झिजली असं मानायला काही आधार नाही. ताव्होराचा फटका खांबाला लागून बाहेर गेला असता, तर २०२२ ची बदलीही फसलेल्या प्रयोगांच्या यादीत गेली असती, आणि कट्टीमणीला तीन पेनल्टी अडवायची वेळच आली नसती.

फुटबॉलमध्ये रस नसलेल्या मराठी वाचकालाही हे एका उदाहरणाने लगेच कळेल. २४ सप्टेंबर २००७, जोहान्सबर्ग, पहिल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. पाकिस्तानला शेवटच्या षटकात तेरा धावा हव्या होत्या आणि समोर मिस्बाह उल हक. हरभजनचं एक षटक शिल्लक असताना धोनीने चेंडू जोगिंदर शर्माच्या हातात दिला. षटकाची सुरुवात वाइडने. पुढे एक षटकार. चार चेंडूंत सहा धावा असं गणित आलं आणि मिस्बाहने चेंडू मागे उचलला तो श्रीशांतच्या हातात. धोनीच्या थंड डोक्याच्या आख्यायिकेची सुरुवात तिथून झाली. तो झेल चार हात लांब पडला असता, तर जोगिंदरला षटक देणारा कप्तान म्हणून धोनीचं काय झालं असतं, याची कल्पना ज्याने आपल्या गल्लीत २००७ सालच्या वेस्ट इंडिजमधल्या पराभवानंतरचा राग पाहिला आहे, त्याला करता येईल.

निकालावरून निर्णयाला मार्क देण्याची ही खोड मानसशास्त्रज्ञांच्या ओळखीची आहे. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये त्यावर प्रयोग करून दाखवले. एकच वैद्यकीय निर्णय, त्यामागची माहितीही तीच, फक्त शेवट वेगळा सांगितला. रोगी वाचला असं वाचलेल्यांना डॉक्टरचा निर्णय चांगला वाटला, दगावला असं वाचलेल्यांना वाईट. कोचची गत त्या डॉक्टरसारखी आहे. फरक इतकाच, की त्याच्या ऑपरेशन थिएटरला एकोणीस हजारांची गॅलरी असते.

अमेरिकेत अंडाकृती चेंडूचा जो फुटबॉल खेळतात, त्यात हा वाद सगळ्यात पेटला तो १५ नोव्हेंबर २००९ ला. त्या खेळात दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. तीन फसले की चौथ्याला सहसा चेंडू लांब लाथाडून समोरच्याला देऊन टाकतात, म्हणजे निदान त्याला लांबून सुरुवात करावी लागते. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा कोच बिल बेलिचिक ३४-२८ ने पुढे होता, दोन मिनिटं आणि काही सेकंद उरलेले, चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवे आणि चेंडू स्वतःच्याच हद्दीत अठ्ठावीस यार्डांवर. त्याने लाथाडला नाही, खेळला. थोडक्यात हुकलं. चेंडू इंडियानापोलिस कोल्ट्सला तिथेच मिळाला आणि त्यांनी ३५-३४ ने सामना काढला. दुसऱ्या दिवशी बेलिचिकला वेड्यात काढण्याची चढाओढ लागली. मग ब्रायन बर्क नावाच्या विश्लेषकाने जुन्या सामन्यांचे आकडे मांडून हिशेब केला: खेळलं तर जिंकायची शक्यता सुमारे ७९ टक्के, लाथाडलं तर सुमारे ७०. लोकांना धोका वाटत होता तो पर्यायच जास्त सुरक्षित होता. पुढच्या दशकात त्या खेळात चौथ्या प्रयत्नाला खेळून बघणाऱ्या कोचांची संख्या वाढत गेली.

आपल्या, म्हणजे गोल चेंडूच्या, फुटबॉलला असा चोख हिशेब लागू पडत नाही. चार प्रयत्न नाहीत, यार्ड नाहीत, खेळ थांबत नाही. पण बेलिचिकच्या प्रकरणातली मेख इथेही तशीच आहे. 'मागे या, सांभाळा' हा सल्ला सावधपणाचा वाटतो म्हणून त्याला कुणी धोका म्हणत नाही. प्रत्यक्षात काय होतं, ते जरा जवळून पाहू.

संघ पुढे आहे, ऐंशी मिनिटं झालीत. मैदानावर प्रत्येकाचे पाय सरासरी नऊ-दहा किलोमीटर धावून झालेले. कुणी सांगितलं नाही तरी बचावफळी दोन पावलं मागे सरकते, मग आणखी दोन. मधली फळी तिच्यामागे येते. आता आघाडीवीर पुढे एकटा आणि त्याच्या जवळचा माणूस तीस मीटर लांब. बचावपटू चेंडू उडवतो, तो एकट्याच्या डोक्यावरून समोरच्या संघाकडे जातो आणि दहा सेकंदांत परत येतो. पुन्हा उडवा, पुन्हा येतो. प्रत्येक फेरीत चेंडू आपल्या गोलच्या थोडा जवळ पडायला लागतो. पेटीच्या बाहेर सुटा पडलेला चेंडू, ज्याला खेळाडू 'सेकंड बॉल' म्हणतात, तो उचलायला तिथे आपलं कुणी नसतं, कारण सगळे पेटीत दाटलेत. मग कॉर्नर, फ्री किक, थ्रो. गर्दीत एखाद्याचा हात लागतो, पाय घसरतो, कुणाच्या गुडघ्याला लागून चेंडू आत जातो. लोक त्याला नशीब म्हणतात. पण चेंडू पेटीत तीनऐवजी तेरा वेळा येऊ दिला, तर ते नशीब आपण स्वतः बोलावून आणलेलं असतं.

भारताच्या वाट्याला असं एक प्रकरण आहेच. जानेवारी २०१९, आशियाई चषक, संयुक्त अरब अमिराती. स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या संघाने थायलंडला ४-१ ने हरवून सुरुवात केली, मग यजमानांकडून ०-२ ने हार. १४ जानेवारीला शारजात बहरीनशी बरोबरी झाली असती तरी बाद फेरी गाठता आली असती. चौथ्याच मिनिटाला भरवशाचा बचावपटू अनस एडाथोडिका जखमी होऊन बाहेर गेला. भारताने ०-० सांभाळायचं ठरवलं आणि संध्याकाळ जसजशी पुढे सरकली, तसतसा खेळ भारताच्या अर्ध्यात एकवटत गेला. एक्क्याण्णवाव्या मिनिटाला त्या दिवशीचा कप्तान प्रणय हलदर याच्या चुकीवर बहरीनला पेनल्टी मिळाली, जमाल राशेदने ती जाळ्यात घातली आणि भारत गटात तळाला. सामना संपल्यावर पत्रकार परिषदेतच कॉन्स्टंटाइन यांनी राजीनामा जाहीर केला. ते मागे बसले नसते तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही. कदाचित पन्नासाव्या मिनिटालाच दोन गोल खाल्ले असते. अनस नसताना मोकळं खेळणं हाही जुगारच होता. पण बरोबरीसाठी खेळणाऱ्या संघाला एक गोल खायचीही मुभा नसते, ती पुढे गेलेल्या संघाला तरी असते. तिथे मागे बसणं हा दोन गोलांची आघाडी सांभाळण्यापेक्षा कितीतरी महागडा सौदा.

आता बदल्यांकडे येऊ. कारण शेवटच्या पंधरा मिनिटांत कोचच्या हातात खरं हत्यार तेवढंच असतं. खाणाखुणा, ओरडणं, बाटली आपटणं हे बहुतेक प्रेक्षकांसाठी.

जुन्या पिढीला बायर्न म्युनिक आणि मँचेस्टर युनायटेडची १९९९ ची चॅम्पियन्स लीग फायनल आठवत असेल. २६ मे, बार्सिलोना. सहाव्या मिनिटापासून बायर्न १-० ने पुढे. ऐंशीव्या मिनिटाला कोच ओटमार हिट्झफेल्ड यांनी अडतीस वर्षांच्या लोथर माथेउसला बाहेर काढलं आणि थॉर्स्टन फिंकला उतरवलं. निर्णयात वावगं काही नाही. माणूस दमला होता, उरली होती दहा मिनिटं. एक्क्याण्णवाव्या मिनिटाला बेकहॅमचा कॉर्नर आला. युनायटेडचा गोलकीपर पीटर श्मायकलसुद्धा आपलं घर उघडं टाकून हल्ल्याला पुढे आला होता. चेंडू फिंककडे आला आणि त्याने तो काढला तो अर्धवट. पाय चुकला. चेंडू गिग्जकडे, तिथून शेरिंगहॅमकडे, गोल. दोन मिनिटांनी सोल्सक्येर. २-१. शेरिंगहॅम आणि सोल्सक्येर दोघेही अॅलेक्स फर्ग्युसनचे बदली खेळाडू. इतिहासात फर्ग्युसन द्रष्टा आणि हिट्झफेल्ड बिचारा अशी नोंद झाली. उत्तरार्धात बायर्नचा एक फटका खांबाला आणि एक आडव्या दांडीला लागला होता, ही गोष्ट त्या नोंदीत बारीक टाइपात असते. त्यांतला एक जरी आत गेला असता, तर माथेउसला बाहेर काढणं ही साधी शहाणपणाची बदली ठरली असती आणि आज ती कुणाला आठवलीही नसती.

बचावातला माणूस शेवटी शेवटी बदलू नये, निदान आपल्यावर कॉर्नर किंवा फ्री किक येणार असताना तर नाहीच, असा मैदानावरचा एक अलिखित दंडक आहे. कारण साधं. कॉर्नरला प्रत्येकाने आपापला माणूस धरलेला असतो. नवा माणूस थंड पायांनी येतो. त्याने कुणाला धरायचं हे सांगेपर्यंत चेंडू हवेत असतो. गावच्या स्पर्धेतला कोचही हे जाणतो, आणि तरी घाईत विसरतो.

पिछाडीवर असताना मात्र उलट. व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या ब्रेट मायर्स यांनी २०१२ मध्ये युरोपातल्या मोठ्या लीग आणि विश्वचषकाचे सामने तपासून एक ढोबळ नियम काढला. मागे असाल तर पहिली बदली अठ्ठावन्नाव्या मिनिटाआधी, दुसरी त्र्याहत्तराव्याआधी, तिसरी एकोणऐंशीव्याआधी करा. हा नियम पाळलेल्या संघांनी न पाळलेल्यांच्या जवळपास दुप्पट वेळा पिछाडी कमी केली होती. म्हणजे बहुतेक कोच थांबतात ते प्रमाणाबाहेर. 'अजून बघू' म्हणत राहायचं आणि पंच्याऐंशीव्या मिनिटाला ताज्या पायांचा माणूस पाठवायचा, तर त्याला चेंडूला स्पर्श करायलाच तीन मिनिटं लागतात. त्यानंतर नियमही बदलला. १९९५ पासून चालत आलेल्या तीन बदल्यांच्या जागी २०२० मध्ये कोरोनाच्या काळात पाच आल्या आणि २०२२ मध्ये त्या कायमच्या झाल्या. आता दहापैकी निम्मे मैदानी खेळाडू बदलता येतात. त्यातच कतारच्या विश्वचषकापासून वाया गेलेला वेळ काटेकोर मोजायला लागले; तिथल्या इंग्लंड-इराण सामन्यात दोन्ही सत्रांत मिळून सत्तावीस-एक मिनिटं वाढवून दिली होती. आमखासवरच्या 'टाइम खा' पक्षाला ही वाईट बातमी आहे. खाल्लेला वेळ आता परत ओकावा लागतो.

बदलीचा जुगार किती टोकाला जाऊ शकतो, ते २०१४ च्या विश्वचषकात लुई व्हॅन गाल यांनी दाखवलं. नेदरलँड्स-कोस्टारिका उपांत्यपूर्व सामना, एकशेविसावं मिनिट उलटलेलं, पेनल्टी समोर दिसतायत. व्हॅन गाल यांनी धडधाकट गोलरक्षक सिलेसेनला बाहेर बोलावलं आणि टिम क्रुलला फक्त पेनल्टीसाठी आत पाठवलं. सिलेसेनला याची आधी कल्पनाही दिली नव्हती. बाहेर येताना तो चिडून बाटलीला लाथ मारत गेला. क्रुलने दोन पेनल्टी अडवल्या आणि जग व्हॅन गाल यांच्या पाया पडलं. चारच दिवसांनी अर्जेंटिनाशी पुन्हा पेनल्टीवर वेळ आली, पण तिन्ही बदल्या संपल्या होत्या. सिलेसेनच उभा राहिला, एकही अडवू शकला नाही. ज्याने चार दिवसांपूर्वी 'पेनल्टीला तू नको' असं जगासमोर सांगितलं, त्यानेच आता त्याला तिथे उभं केलं होतं. इथे प्रश्न विचारायला जागा आहे, आणि तो निकालाशी बांधलेला नाही: क्रुलची युक्ती हाताशी होती, तर अर्जेंटिनाविरुद्ध तिच्यासाठी एक बदली राखून का ठेवली नाही? याचं उत्तर 'दमलेले खेळाडू बदलावेच लागले' असं असेलही. पण प्रश्न असा विचारला, की उत्तर तरी मिळतं.

याच्या उलट इंग्लंडच्या गॅरेथ साउथगेटचं. ११ जुलै २०२१, युरो फायनल, वेम्ब्ली. जादा वेळ संपता संपता त्यांनी रॅशफर्ड आणि सँचो यांना केवळ पेनल्टीसाठी उतरवलं. रॅशफर्डचा फटका खांबाला, सँचोचा अडवला, मग एकोणीस वर्षांच्या साकाचाही अडवला. साउथगेट यांनी सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. ज्याने स्वतः १९९६ च्या युरो उपांत्य फेरीत पेनल्टी हुकवली होती, त्याला ते जरा सोपं गेलं असेल किंवा फार अवघड.

पेनल्टीवरून आठवलं. इस्रायलच्या काही संशोधकांनी २००७ मध्ये २८६ पेनल्टी तपासल्या. जागच्या जागी मध्यभागी उभ्या राहिलेल्या गोलरक्षकाने अडवण्याचं प्रमाण उडी मारणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघालं, तरी गोलरक्षक जागेवर उभे राहिले ते शंभरात जेमतेम सहा वेळा. कारण काय? उडी मारून गोल खाल्ला तर 'प्रयत्न केला'. उभं राहून खाल्ला तर 'नुसता बघत होता'. कोचचंही तसंच आहे. मागे बसून हरला तर 'नशीब खराब' असं म्हणायला निदान काही लोक मिळतात. पुढे खेळून हरला तर एकही मिळत नाही. म्हणून कोच दोष टाळायला शिकतो, आणि तेही आपणच शिकवतो.

शेवटच्या मिनिटांतले सगळेच निर्णय असे दोन्ही बाजूंनी मांडता येतात असं मात्र नाही. ३ मार्च २०२३ ला बंगळुरूत बाद फेरीच्या सामन्यात जादा वेळेत सुनील छेत्रीने केरळची भिंत उभी राहण्याआधीच फ्री किक मारून गोल केला. पंचांनी तो दिला. केरळ ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघालाच मैदानाबाहेर बोलावलं. सामन्यात अजून वीसेक मिनिटं शिल्लक होती, फक्त एक गोल हवा होता. ते परतले नाहीत. सामना बंगळुरूला मिळाला, भारतीय फुटबॉल महासंघाने केरळच्या क्लबला चार कोटींचा दंड केला आणि प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी घातली. संताप कितीही खरा असो, या निर्णयात जिंकण्याची शक्यता शून्य होती आणि ती शिट्टीच्या आधीही शून्यच होती. तो चुकीचा होता हे कळायला निकालाची वाट पाहावी लागत नव्हती.

महाराष्ट्रात कोचची अशी झाडाझडती घ्यायची परंपरा जिवंत आहे ती कोल्हापुरात. तिथे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवरून हरून आलेल्या कोचला घरापर्यंत पोचायला दहा कट्टे ओलांडावे लागतात आणि प्रत्येक कट्ट्यावर त्याला एकच प्रश्न: "त्याला काढलास कशाला?" यात रांगडेपणा आहे, पण एक गुणही आहे. विचारणारा मॅच बघून आलेला असतो. बदललेल्या पोराचा पाय पंचाहत्तराव्या मिनिटापासून लंगडत होता, हे त्यालाही दिसलेलं असतं आणि कोचने सांगितलं तर तो गप्प बसतो. फोनवर फक्त २-३ हा आकडा पाहून कोचला शिव्या घालणाऱ्याला तो पाय दिसलेलाच नसतो.

मार्केझ यांचं पुढे काय झालं? २०२४ च्या जुलैत भारतीय संघाची सूत्रंही त्यांच्याकडे आली, गोव्याचं काम चालू ठेवूनच. मे २०२५ मध्ये त्यांच्या गोव्याने जमशेदपूरला ३-० ने हरवून सुपर कप जिंकला. आणि १० जून २०२५ ला हाँगकाँगमध्ये आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यात भारत ०-० वर होता, भरपाई वेळ चालू होती, तेव्हा गोलरक्षक विशाल कैथ याच्याकडून चूक झाली, हाँगकाँगला पेनल्टी मिळाली आणि स्टेफान परेराने चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला ती मारली. ०-१. तीन आठवड्यांनी, २ जुलैला, महासंघ आणि मार्केझ परस्पर संमतीने वेगळे झाले.

फातोर्ड्याच्या त्या रात्रीबद्दल मात्र सगळ्यांनी २-० वर काय करायला हवं होतं, याचीच चर्चा केली. मुंबईच्या दुसऱ्या गोलनंतरचा काळ तसाच राहून गेला. एक्क्याण्णवाव्या मिनिटाला २-२ झाले होते. पाच दिवसांनी मुंबईत दुसरा सामना होता आणि बरोबरी घेऊन तिकडे जाणं अजिबात वाईट नव्हतं. मुंबईच्या तिसऱ्या गोलला अजून जवळपास पाच मिनिटं होती. एवढ्या वेळात दमलेल्या संघाने चेंडू कॉर्नरच्या झेंड्याकडे नेऊन अडकवायचा होता, की घरच्या प्रेक्षकांसमोर गमावलेली आघाडी परत मिळवायला धावायचं होतं? डगआउटमधून कुणी काही सांगितलं का, आणि सांगितलं तर अकरांपैकी किती जणांपर्यंत पोचलं? २९ एप्रिलला मुंबई फुटबॉल अरिनावर गोवा ०-२ हरला, मुंबई सिटी ४ मेला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून चॅम्पियन झाली, आणि त्या पाच मिनिटांचा प्रश्न मडगावातच राहिला.